परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं आहे, एक्स्चेंज प्रोग्रॅमचा खरा मार्ग कुठला?

काजूबन (कणकवली तालुका)

नमस्कार मंडळी. मी कणकवलीपासून आत एका गावात राहते. एम.ए. इंग्रजी आणि बी.एड. झालंय, वय २७. गेली काही वर्षं एका विनाअनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. माझं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून, आधी जिल्हा परिषदेची शाळा आणि मग गावचं हायस्कूल.

एखादं वर्ष तरी परदेशातल्या शाळेत शिकवावं असं फार मनात आहे. पगारासाठी म्हणाल तर तेही आहेच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त हे, की माझी मुलं इंग्रजीचं व्याकरण पाठ म्हणतात आणि समोर कुणी प्रश्न विचारला की खाली मान घालतात. इतर देशांतले शिक्षक मुलांना बोलतं कसं करतात ते मला तिथे उभं राहून बघायचं आहे.

गेल्या महिन्यात एका एजन्सीचं ऑनलाइन माहितीसत्र पाहिलं. जपान आणि कोरियाचा ‘टीचर एक्स्चेंज’ म्हणून. नोंदणीला पंचवीस हजार, निवड झाल्यावर दीड लाख. सरकारी योजनेत त्यांचा राखीव कोटा आहे म्हणाले. आता रोज फोन येतो की जागा भरत आल्या. बाबा म्हणतात काजूचे पैसे आले की भरू. मला मात्र झोप लागत नाही.

कुणी खरंच अशा योजनेतून जाऊन आलंय का? भारतीयांसाठी कोणत्या योजना खऱ्या आहेत, मराठी माध्यम आडवं येतं का, आणि हातात किती पैसे असावे लागतात, एवढं कृपया सांगा.

तेरेखोलकाठ (सावंतवाडी)

बाय गो, पहिलं काम आजच कर. बाबांना सांग की काजूचे पैसे कुणालाही द्यायचे नाहीत.

परदेशी तरुणांना आपल्या शाळांत भाषा शिकवायला बोलावणारी जपानची जेट योजना १९८७ साली सुरू झाली. ती तिथली तीन मंत्रालयं आणि क्लेअर ही संस्था मिळून चालवतात. अर्ज आपल्या देशातल्या जपानी वकिलातीकडे करायचा असतो आणि अर्जाला पैसे लागत नाहीत. कोरियाची तशीच एपिक योजना १९९५ पासून आहे आणि ती तिथल्या शिक्षण खात्याची आहे. राखीव कोटा ही वस्तूच या योजनांमध्ये नाही, मग ती विकणार कोण? शिवाय परदेशी नोकरी लावून देणारा कुणीही एजंट असो, १९८३ च्या कायद्याप्रमाणे त्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि सेवाशुल्क तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापलीकडे घेता येत नाही. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदणी असलेल्यांची यादी आहे. त्या एजन्सीचं नाव तिथे शोध आणि फोन आला की नोंदणी क्रमांक विचार. आमच्या भागातल्या एका मुलाला मी हाच प्रश्न विचारायला लावला होता, त्यानंतर त्याला फोन यायचे बंद झाले.

आता खऱ्या वाटा सांगते. मी स्वतः फ्रान्सच्या असिस्टंट योजनेतून गेले होते, त्यामुळे तिथलं जास्त सांगता येईल.

आधी एक कडू गोष्ट समजून घे, म्हणजे पुढे मन मोडणार नाही. या योजनांत सगळ्यात आधी पासपोर्ट कुठल्या देशाचा ते बघतात, इंग्रजी किती चांगलं ते नंतर. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा जो ई-टू व्हिसा आहे तो मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पिढ्यान् पिढ्या इंग्रजीतून कारभार करणाऱ्या आपल्यासारख्या देशाला बाहेर ठेवायचं, हे मला आजही पटत नाही. पण भारत आणि कोरिया यांच्यात सेपा नावाचा व्यापारी करार झाला, तो १ जानेवारी २०१० पासून लागू आहे, आणि त्यात भारतीय शिक्षकांसाठी एक खिडकी उघडली गेली. पदवी आणि इंग्रजी विषयाची शिक्षक म्हणून पात्रता असलेला भारतीय तिथल्या सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून त्या व्हिसावर जाऊ शकतो. म्हणजे तुझं बी.एड. इथे थेट उपयोगाचं. नुसती पदवी आणि एखादा ऑनलाइन टेफल (परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स असलेल्या भारतीयाला ती खिडकी बंद आहे. जागा फार थोड्या निघतात, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नको, पण पात्र आहेस हे लक्षात ठेव.

जेटमध्ये भारताचा समावेश आहे, पण आपल्याकडून जाणारे अगदी मोजके. त्यात सहायक भाषाशिक्षक हे एक पद आणि आंतरराष्ट्रीय संबंध समन्वयक हे दुसरं. दुसऱ्याला चांगलं जपानी यावं लागतं, पहिल्याला येत नसलं तरी चालतं. त्या वर्षी भारतासाठी कोणतं पद उघडलंय ते वकिलातीच्या जाहिरातीतच बघायचं. करार एक वर्षाचा, वाढवत वाढवत जास्तीत जास्त पाच वर्षं. मराठी माध्यमाबद्दल विचारलंस तर जपानमध्येच ते आडवं येण्याची शक्यता आहे. तिथे जेटबाहेर, खासगी कंपन्यांमार्फत शाळेत इंग्रजी शिकवायला जाणाऱ्याकडे इंग्रजीतून बारा वर्षं शिक्षण झाल्याचा पुरावा सहसा मागतात. ज्यांना जपानी येत नाही आणि इंग्रजी माध्यमही नव्हतं, त्यांच्याकडून जपानच्या नावाने पैसे उकळणाऱ्या लोकांचा मला खरोखर संताप येतो. ही अट त्यांना माहीत असते.

फ्रान्सने माझं शाळेचं माध्यम विचारलंच नाही. त्यांची अट फ्रेंचची. सरकारी शाळांत इंग्रजीच्या शिक्षकाला मदतनीस म्हणून ते वेगवेगळ्या देशांतून तरुण माणसं बोलावतात, आणि भारत त्यात आहे. आपल्याकडे हे काम फ्रेंच इन्स्टिट्यूटकडे असतं. आठवड्याला बारा तास, १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असे सात महिने. हातात येणारे पैसे महिन्याला आठशे युरोंच्या आसपास. लहान गावात त्यात भागतं, पॅरिसमध्ये भागणार नाही. विमानाचं तिकीट आपलं आपण काढायचं.

फ्रेंच मी पणजीला शिकले. अलियाँस फ्रान्सेजचं केंद्र तिथे आहे आणि सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत एसटीने किंवा गोव्याच्या कदंबा बसने जाता येतं. तुला कणकवलीहून ते लांब पडेल, पण आता ऑनलाइन वर्गही असतात, परीक्षेपुरतं गेलीस तरी चालेल. बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत यायला नोकरी सांभाळून वर्ष-दीड वर्ष धरून चाल. इंग्रजी पक्कं असलेल्या माणसाला फ्रेंच शब्द ओळखीचे वाटतात, पण कानाला सवय व्हायला वेळ लागतो. मी भात लावताना कानात फ्रेंच रेडिओ लावायची, आणि आई म्हणायची, हे चेडू बिघडलं!

तुझ्या वयाला चौथी वाट अजून खुली आहे, आणि तीच तू सगळ्यात आधी बघावीस असं मला मनापासून वाटतं. फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शिष्यवृत्तीतली एफएलटीए, म्हणजे परदेशी भाषा शिकवणारा सहायक. भारतात ती यूएसआयईएफ ही संस्था चालवते, १९५० पासून ती फुलब्राइटचं काम बघते. गंमत अशी, की अर्ज इंग्रजीच्या तरुण शिक्षकांकडून मागवतात आणि अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकवायची असते आपल्याकडची भाषा: हिंदी, उर्दू, बंगाली अशा. कुठल्या भाषांना त्या वर्षी मागणी आहे ते जाहिरातीत येतं. नऊ महिने राहायचं, आठवड्याला वीस तासांपर्यंत शिकवायचं आणि त्याच वेळी तिथल्या विद्यापीठात स्वतः काही विषय शिकायचे. येण्याजाण्याचं भाडं, विमा, राहण्या-जेवणाचा भत्ता सगळं तेच देतात. वयाची अट २१ ते २९. तुझ्या हातात फार वर्षं नाहीत. आणि परत आल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याचं बंधन असतं. त्या काळात अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. तुला परत येऊन इथेच शिकवायचं असेल तर त्याचा त्रास नाही.

एजन्सीवाले पुढे अमेरिकेच्या जे-वन टीचर व्हिसाचंही नाव काढतील. तो व्हिसा खरा आहे. पदवी, किमान दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव आणि अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्य केलेली प्रायोजक संस्था एवढं लागतं, आणि तीन वर्षं तिथल्या शाळेत पूर्ण पगारावर शिकवता येतं, पुढे दोन वर्षं वाढूही शकतात. पण त्यात प्रायोजकाची फी असते आणि त्यावर मधले लोक आपली फी चढवतात. कर्ज काढून जाऊ नको एवढंच सांगते.

निवृत्त मुख्याध्यापक (लांजा)

वरच्या ताईंनी फार चांगली माहिती दिली आहे. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, तेही ऐकून घे मुली.

तू विनाअनुदानित शाळेत आहेस. तिथे वर्षभर गैरहजर राहिलीस तर जागा कुणी राखून ठेवणार नाही. शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलची भरती अधूनमधूनच निघते, आणि नेमक्या त्या काळात तू सातासमुद्रापार असलीस तर कागदपत्र पडताळणीला कोण जाणार? मी माझ्या सेवेत हुशार मुलामुलींची उमेदीची वर्षं अशा चुकलेल्या भरतीत गेलेली पाहिली आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की आधी कायम नोकरी मिळव. अनुदानित शाळेत कायम झालीस की १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे रजा मागता येते, संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना विचारता येतं, आणि परत यायला जागा असते.

नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी फुलब्राइटचीच टीईए नावाची योजना आहे. माध्यमिक शाळेत पूर्णवेळ शिकवणाऱ्यांसाठी. सहा आठवडे अमेरिकेतल्या विद्यापीठात अध्यापनाचं प्रशिक्षण, आणि त्यातच जवळच्या शाळेत एका स्थानिक शिक्षकाबरोबर वर्गात काम. खर्च त्यांचा. सहा आठवडे म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीएवढेच झाले, तेवढी रजा कुठलाही समंजस मुख्याध्यापक देईल, मी तरी दिली असती. इंग्रजी बोलण्याचा जो प्रश्न तू मांडला आहेस, त्याला ही योजना सगळ्यात जवळची.

दुसरं, अनुभवाचं प्रमाणपत्र आत्ताच मागून ठेव. त्यावर पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, कोणते वर्ग, कोणत्या तारखेपासून हे स्पष्ट लिहून घे, संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह. नोकरी सोडताना मागितलं की लोक टाळाटाळ करतात.

हर्णैकर (सध्या मालदीव)

सलाम सगळ्यांना. मी दापोली तालुक्यातला, एका बेटावरच्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवतो. हे एक्स्चेंज नाही, सरळ नोकरी आहे. पण ताईंनी परदेशातल्या शाळेचं विचारलं म्हणून लिहितो. इथे धिवेही ही इथली भाषा आणि धर्माचे विषय सोडले तर बहुतेक शिक्षण इंग्रजीतून होतं, दहावीला केंब्रिजची परीक्षा असते, आणि परदेशी शिक्षकांत आपल्या भारतातले खूप. बी.एड. आणि अनुभव असला की मराठी माध्यमावरून कुणी अडवत नाही.

बेट एवढंसं असतं की संध्याकाळी चालायला निघालो की मगरीबच्या अजानीआधी पूर्ण फेरी होते. मासळी आहे, समुद्र आहे, म्हणून हर्णैच्या माणसाला परकं वाटत नाही. भाजीपाला मात्र बोटीवर अवलंबून, वादळ आलं की कांदा संपतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी. मुलं गुणी आहेत, वर्गात मोकळेपणी बोलतात.

अडचण पैशांची. पगार रुफिया या इथल्या चलनात मिळतो आणि डॉलरची टंचाई असल्यामुळे घरी पैसे पाठवण्यावर बँकेची मर्यादा असते. ज्यांच्या घरी कर्जाचा हप्ता आहे त्यांनी हे आधी नीट विचारून घ्यावं. आणि भारतीयांना इथे पर्यटक म्हणून आल्यावर लगेच व्हिसा मिळतो, त्याचा फायदा घेऊन काही मध्यस्थ सांगतात, आधी ये, परवाना मग काढू. तसं कधीही यायचं नाही. कामाचा परवाना हातात आल्यावरच विमानात बसायचं.

काजूबन (कणकवली तालुका)

सगळ्यांचे किती आभार मानू. ई-मायग्रेटवर शोधलं, त्या एजन्सीचं नाव यादीत नाही. बाबांना दाखवलं, त्यांनी स्वतः फोन करून नकार कळवला.

सर, तुमचं म्हणणं पटतं आणि पटतही नाही. भरतीची वाट बघत बसले तर २९ उलटून जाईल. सध्या एफएलटीएचा अर्ज करायचा आणि अभियोग्यता चाचणीचा अभ्यासही चालू ठेवायचा असं ठरवते आहे. फ्रेंचचाही वर्ग सुरू करेन.

ताई, तुम्हाला दोन गोष्टी विचारते. फ्रान्समध्ये तुम्ही वर्गात नेमकं काय करायचात? आणि कागदपत्रांत काय काय अडतं?

तेरेखोलकाठ (सावंतवाडी)

सरांच्या सल्ल्यातलं प्रमाणपत्राचं आधी कर. तो मुद्दा लाखमोलाचा आहे.

वर्गाबद्दल विचारलंस म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण मी जे घेऊन आले ते हेच.

आपल्याला विभागाची पसंती देता येते, शाळा तेच ठरवतात. मी समुद्रकाठ मागितला आणि फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या ब्रिटनी प्रांतातलं लोरियाँ मिळालं. हे शहर फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात वसवलं, नावातच पूर्व दिशा आहे. समोरच्या पोर्ट-लुईच्या किल्ल्यात त्या कंपनीचं संग्रहालय आहे, तिथे आपल्या किनाऱ्यावरून गेलेलं सुती कापड आणि मसाल्याच्या व्यापाराच्या वस्तू ठेवल्यात. पहिल्या आठवड्यात मुलं मला विचारत होती, तू इथे कशी आलीस. मी त्यांना म्हटलं, तुमचे लोक आमच्याकडे कसे आले ते आधी मला इंग्रजीत सांगा. ती मुलं त्या संग्रहालयात लहानपणी सहलीला जाऊन आलेली होती, पण त्यावर एक वाक्य बोलायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. मग हळूहळू सुरू झालं: मिरी, जहाज, माहे, पाँडिचेरी.

असिस्टंटला पूर्ण वर्ग देत नाहीत. मुख्य शिक्षिका अर्धी मुलं स्वतःकडे ठेवते, अर्धी आपल्या खोलीत पाठवते. दहा-बारा मुलं, पाऊण तास, पुस्तक नाही, वही नाही, पेपर तपासणं नाही. फक्त बोलणं. मला आधी वाटलं, फ्रेंच मुलं युरोपातली, धडाधड बोलत असतील. अजिबात नाही. आपल्या दहावीच्या मुलांसारखीच ओठ मिटून बसायची. चूक होईल, मित्र हसतील, उच्चार ब्रिटिश नाही, ही भीती तिथेही तशीच. ते बघून माझा जीव भांड्यात पडला, कारण दोष आपल्या मुलांत नाही हे कळलं.

मग मी मासळीचा लिलाव आणला. लोरियाँला केरोमान नावाचं मोठं मच्छी बंदर आहे, बऱ्याच मुलांच्या घरी कुणी ना कुणी त्या धंद्यात. मी मालवणच्या किनाऱ्यावर होतो तो लिलाव त्यांना सांगितला: टोपल्या वाळूत ठेवतात, बाया भोवती उभ्या राहतात, बोली चढत जाते. मग कागदाचे बांगडे, सुरमई, त्यांचे सार्डिन, लांगुस्तिन. प्रत्येकाला ठरावीक पैसे आणि घरच्या जेवणावळीची यादी. विकणाऱ्याने मासळी ताजी आहे हे पटवायचं, घेणाऱ्याने खोड काढायची. एक मुलगा, वर्गात नाव घेतल्यावर लाल होणारा, त्याचे वडील बोटीवर होते. मासळीचे कल्ले कसे असावेत, डोळा कसा दिसावा हे तो इंग्रजीत सांगायला लागला. शब्द चुकत होते, हात मदतीला येत होते, पण थांबत नव्हता. त्याच्या शिक्षिकेने दारातून पाहिलं आणि आत न येता तशीच उभी राहिली.

त्यातून मला समजलं ते असं, की मुलाला ज्या विषयात आपल्याला शिक्षकापेक्षा जास्त कळतं असं वाटतं, त्या विषयावर ते परभाषेतही बोलतं. परत आल्यावर मी आठवीचा वर्ग दोन भागांत करायला लागले. दुसरी शिक्षिका मिळत नाही, म्हणून अर्धी मुलं बाहेर व्हरांड्यात लेखी काम करतात आणि अर्धी माझ्याबरोबर बोलतात, मग अदलाबदल. गणपतीच्या आधी माटवीला, म्हणजे मूर्तीच्या वर टांगतात त्या चौकटीला, काय काय बांधतात ते इंग्रजीत सांगायला लावते. कवंडळ, हरणं, शेरवाडं यांना इंग्रजी नावं सापडत नाहीत, तेव्हा ती वर्णन करून सांगतात, आणि तेच तर मला हवं असतं. तुझ्या शाळेत काजूची बी फोडण्यावर कर. हे तू उद्यापासूनही करू शकतेस, त्यासाठी व्हिसाची वाट बघायला नको. शिवाय एफएलटीएच्या अर्जात तुझ्या शिकवण्याबद्दल निबंध लिहावे लागतात. त्यात ‘मला अध्यापनाची आवड आहे’ असं सगळेच लिहितात. तू तुझ्या वर्गात काय केलंस आणि त्यातून कोणती मुलं बोलली ते लिही.

आता कागद. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं, म्हणजे विद्यापीठाची पदवी, नुसत्या गुणपत्रिका नव्हेत. ज्यांनी पदवीदान समारंभाचा अर्ज केला नाही त्यांनी आधी मुंबई विद्यापीठाकडून ती काढावी. मग राज्य शासनाचं साक्षांकन मुंबईत, आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण. ही खूण मानणाऱ्या देशांच्या हेग करारात भारत २००५ पासून आहे, म्हणून फ्रान्स, कोरिया, जपान, अमेरिका यांना अपोस्टिल पुरतं. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेतून ऑनलाइन मागवायचा, चौकशीला गावच्या ठाण्यातून माणूस येतो तेव्हा घरी कुणीतरी हवं.

नावाचं बघ. आपल्याकडे दाखल्यावर एक आडनाव, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, पासपोर्टवर तिसराच क्रम, असं सर्रास असतं. बाहेर ते एकाच माणसाचे कागद धरत नाहीत. फरक असेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घे, त्याला वेळ लागतो.

फ्रान्सला जायचं झालं तर जन्मदाखला लागतो, तिथल्या आरोग्य विम्याचा कायमचा क्रमांक त्यावरून मिळतो. त्यावर आई-वडील दोघांची नावं हवीत. ग्रामपंचायतीतून जुना हस्तलिखित मराठी दाखला देतात तो घेऊ नको, मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला छापील माग आणि त्यावरही अपोस्टिल कर.

पैशांचं विचारलं होतंस. एफएलटीएला तुझ्या खिशातून जाणार ते कागदपत्रं आणि मुंबईच्या फेऱ्या एवढंच. फ्रान्सला मात्र तिकिटाशिवाय पहिल्या दोन महिन्यांची तजवीज हातात हवी. घरभाडं, तेवढीच अनामत आणि पहिला पूर्ण पगार येईपर्यंतचं खाणं. ऑक्टोबरमध्ये शाळेकडे आगाऊ रक्कम मागता येते, ती पहिल्या दिवशीच माग. भाड्याला सरकारी मदत मिळते, तिचा अर्ज घर मिळालं त्याच आठवड्यात भर.

तू आधी पासपोर्टवर आणि पदवीवर नाव जुळतं का ते तपास. जुळत असेल तर विद्यापीठाच्या पदवीचा अर्ज या महिन्यात कर. निबंधाचा कच्चा मसुदा झाला की मला इथेच निरोपात पाठव, मी लाल पेन घेऊन बसते.

काजूबन (कणकवली तालुका)

ताई, पासपोर्टवर बाबांचं नाव नाही, पदवीवर आहे. सोमवारी सेतू केंद्रात विचारून येते आणि इथे लिहिते. निबंधाचं पहिलं पान तोवर पाठवते.